मोटरीचा पावसाळी मुक्काम

भाटकोळच्या तरीची, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीची, मोटर वर्षातून एकदाच बोलायची. मे महिन्याच्या शेवटी तिचे प्लग काढले की सिलिंडरमध्ये तेल घालेपर्यंतचा अर्धा तास तिचा असे. आणि पावसाळा तिला कुणाच्या घरी काढायचा आहे, हे त्या अर्ध्या तासात तिला विचारणं मालकावर बंधनकारक होतं.

यात भाटकोळचं काही विशेष नव्हतं. किनाऱ्यावरच्या साऱ्या मोटरी अशाच. पोटात पेट्रोल असतं तोवर त्यांना ओरडण्यावाचून दुसरं काही येत नाही, आणि एकदा आत तेल गेलं की त्यांना ऐकू येतं पण बोलता येत नाही. प्लगची भोकं अर्ध्या तासाहून जास्त उघडी राहिली तर खारा वारा आत शिरून गंज धरतो, म्हणून खाडी कार्यालयाने वेळ बांधून दिलेली आहे. ती पाळली जाते की नाही हे बघायला कार्यालयाचं माणूस येतं.

हरेश्वर पालशेतकर भाटकोळहून खाडीपलीकडच्या माडवेळला तर चालवायचा. होडी दहा-बारा माणसांची, मोटर आठ घोड्यांच्या ताकदीची. सकाळी सातला पहिली फेरी, संध्याकाळी सहाला शेवटची. मास्तर, कोळणी, बँकेतले कारकून, नवी नवरी, सगळे त्याच्याच होडीतून जात. पण मोटरीच्या आवाजात कोण कुणाशी बोलणार? लोक चढताना मान हलवत आणि उतरताना मान हलवत. हरेश्वर अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. दोन्ही गावांतल्या प्रत्येक माणसाची मान तो ओळखायचा; आवाज मात्र त्याला फार थोड्यांचे ठाऊक होते.

घरी तो एकटाच. त्याची बायको द्वारका सहा वर्षांपूर्वी मुलीच्या, प्रणालीच्या, बाळंतपणासाठी नालासोपाऱ्याला गेली होती. गेली होती चार महिन्यांसाठी. मग प्रणाली पुन्हा कामावर जायला लागली आणि नात लहान होती. मग नात शाळेत जायला लागली आणि तिला सोडायला-आणायला कुणीतरी हवं होतं. भांडण असं काही झालं नव्हतं. परत ये, असं हरेश्वर म्हणाला नव्हता. तुम्ही इकडे या, असं द्वारका म्हणाली नव्हती. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. जेवण, पाणी, गुडघे एवढं विचारून झालं की दोघंही थोडा वेळ फोन कानाला लावून उभी राहत, मग ती म्हणायची, "बरं, ठेवते."

म्हणून तो मेमधला अर्धा तास हरेश्वरला मोलाचा वाटायचा. वर्षभर काही घडलं की, हे मोटरीला सांगायचं, असं म्हणून तो ते मनात बाजूला काढून ठेवायचा.

त्या वर्षी सत्तावीस मे रोजी तरीच्या फेऱ्या बंद झाल्या. अठ्ठावीसला सकाळी हरेश्वरने मोटर होडीच्या मागच्या फळीवरून सोडवली, खांद्यावर घेतली आणि चढण चढून अंगणात आणली. लाकडी घोड्यावर तिला उभी बसवून तिचा पंखा विहिरीच्या पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवला आणि दोरी ओढली. मोटर सुरू झाली. गोडं पाणी तिच्या आत फिरून बाजूच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर पडू लागलं. हरेश्वर मधूनमधून त्यात बोट बुडवून जिभेला लावून बघत होता. आधी खारट, मग मचूळ, मग नुसतं पाणी. मग त्याने पेट्रोलची नळी काढली. आत उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत मोटर ओरडत राहिली, दोनदा अडखळली आणि गप्प झाली.

खाडी कार्यालयातल्या निवारा लिपिक गमरे मॅडम तोवर येऊन पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्या नऊ वर्षं या कामासाठी येत होत्या. मांडीवर नमुना नऊ, शेजारी शिक्क्याची डबी, मनगटावर घड्याळ. दर वर्षी 'निवारा' या रकान्यात त्या 'मालकाचे घर' असं आधीच लिहून ठेवत, आणि उरलेला वेळ चहा पीत कलमाच्या आंब्याकडे बघत बसत. दुसऱ्याचं बोलणं ऐकत बसू नये, एवढं त्यांना कळत होतं.

"काढू का?" हरेश्वरने विचारलं.

"काढा. दहा वाजून पाच मिनिटं."

त्याने पाना लावून दोन्ही प्लग काढले आणि फडक्यावर ठेवले. मोटर खाकरली.

"मीठ गेलं का सगळं?"

"गेलं. चाखून बघितलं मी."

"डाव्या बाजूला जरा राहिल्यासारखं वाटतं."

"ते दर वर्षी म्हणतेस तू," हरेश्वर म्हणाला, आणि त्याला एकदम बरं वाटलं. तो समोर उकिडवा बसला. "ऐक. दिवाळीत काय झालं माहिती आहे? माडवेळच्या मास्तरांचं धोतर पंख्यात..."

"मी होते ना तिथं," मोटर म्हणाली. "माझ्याच पंख्यात गेलं."

"हो, ते पण खरंच." हरेश्वर थांबला. "मग जानेवारीत डॉल्फिन आले होते धक्क्याजवळ."

"पाच होते."

"हो. पाच." वर्षभर जमवलेल्या गोष्टी अशा एकेक करून जाऊ लागल्या. जे काही घडलं होतं ते होडीतच घडलं होतं, आणि होडीत ती होतीच. शेवटी तो म्हणाला, "आपली मांजर गेली. कार्तिकात."

"ते मला माहीत नव्हतं," मोटर म्हणाली.

गमरे मॅडमनी कप खाली ठेवला. "दहा सोळा झाले. रीतीप्रमाणे विचारते. मोटरीने पावसाळी निवाऱ्याचं ठिकाण सांगावं."

"नालासोपारा," मोटर म्हणाली. "द्वारकेकडे."

गमरे मॅडमनी पेन उचललं, आधी लिहिलेल्या शब्दांकडे पाहिलं आणि विचारलं, "पुन्हा एकदा सांगता का? स्पष्ट."

"नालासोपारा पूर्व. द्वारका पालशेतकर राहते तिथं."

हरेश्वर उठून उभा राहिला. "काय बोलतेस तू? दुसऱ्या मजल्यावर राहतात ती. तिथं तुला ठेवणार कुठे?"

"ते ती बघेल."

"इथं काय कमी आहे? पडवी कोरडी आहे. गोणपाट नवीन आणलाय. दर पंधरा दिवसांनी दोरी ओढतो, चाक फिरवतो. एकदा तरी चुकलो का?"

"नाही चुकलास."

"मग?"

"हरेश्वर, मला तेल घातल्यावर ऐकू येतं," मोटर म्हणाली. "तीन महिने मी तुझ्या पडवीत उभी असते आणि ऐकत असते. गेल्या पावसाळ्यात तू या घरात बोललास ते बहुतेक सगळं मांजरीशी. आता मांजर पण नाही."

"मी काय भिंतीशी बोलू?"

"मी होते ना."

"तुला बोलता येत नाही तेव्हा!"

"द्वारका बोलायची. मला पुसताना बोलायची, भाकरी भाजताना आतून बोलायची. उत्तर येणार नाही हे तिला माहीत होतं. तिला त्याचं काही नसायचं."

यावर हरेश्वर रागाने खूप काही बोलला. चौदा वर्षांपूर्वी तिचा गिअर तुटला तेव्हा आपण तिला पाठीवर घेऊन चिपळूणपर्यंत गेलो होतो, ते बोलला. गेल्या शिमग्यात गाव नाचत होतं आणि आपण तिचं सील बदलत बसलो होतो, तेही बोलला. मोटरीने सगळं कबूल केलं. ती एकदाही आवाज चढवून बोलली नाही, आणि त्यामुळे हरेश्वरला आणखीच राग आला. रागारागात वेळ कसा गेला ते त्याला कळलं नाही.

"दहा पस्तीस," गमरे मॅडम म्हणाल्या. "तेल घाला."

नियम तो नियम. हरेश्वरने दोन्ही भोकांत तेलाची पिचकारी मारली, दोरी हळूहळू चार वेळा ओढून तेल आत सगळीकडे पसरवलं आणि प्लग बसवले. रागातही आटे चुकले नाहीत. मग त्याने गिअरचं जुनं तेल काढून नवं भरलं, पंख्याच्या दांड्याला ग्रीस लावलं आणि फडक्याने तिला वरपासून खालपर्यंत पुसलं. पुसताना तो एक शब्द बोलला नाही.

गमरे मॅडम एकेक रकाना वाचत होत्या. "निवारा, नालासोपारा. कारण, संभाषण. पोचवणार कोण, मालक. रकाना अकरा, मोटरीसोबत मालक राहणार काय?" त्यांनी मान वर केली. "हे तिच्याच तोंडून यावं लागतं. विचारायचं राहिलं की हो."

हरेश्वर हातातल्या फडक्याकडे बघत राहिला.

"तुम्ही विचारलं नाहीत," तो म्हणाला.

"तुम्ही बोलत होतात."

"आता लिहून टाका ना. हो म्हणाली असती ती."

"असती म्हणून कसं लिहू? कोरा रकाना म्हणजे नाही, असं परिपत्रक आहे."

"परत प्लग काढले तर?"

"तेल धुवावं लागेल, पेट्रोल घालून पुन्हा चालवावी लागेल. आणि एका हंगामात एकच जबानी." गमरे मॅडमचा आवाज नरमला होता. "पोचवायला जाता येईल तुम्हाला. सूर्यास्तापर्यंत थांबता येईल. तेवढं मी लिहिते." त्यांनी तसं लिहिलं, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

तो रविवार नव्हता. तरी हरेश्वरने फोन लावला.

"काय झालं?" द्वारकाने घाबरून विचारलं.

"मोटरीने तुझ्याकडचा निवारा मागितला आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग द्वारका म्हणाली, "माझ्याकडचा? खरंच?" तिच्या आवाजात जे होतं ते हरेश्वरने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. "अगं बाई. पाठवा ना मग. गॅलरीत वॉशिंग मशीन आहे, ते जरा सरकवते. तिला पावसाचा शिंतोडा नको, हो ना? गिअरचं तेल दुधाळ नव्हतं ना निघालं?"

"नाही. काळंच होतं."

"चांगलं आहे. आणि... कसं आणणार तिला?"

"मीच येतो. सूर्यास्तापर्यंतची परवानगी आहे."

"सूर्यास्तापर्यंत," द्वारका म्हणाली. "बरं."

मोटर आडवी ठेवायची नसते, म्हणून एसटीत तिला शेजारची जागा घ्यावी लागली. चादरीत गुंडाळलेली मोटर खिडकीशी आणि हरेश्वर तिला हाताने धरून. कंडक्टरने नमुना नऊ वाचला आणि म्हणाला, "हल्ली बऱ्याच जणी मुंबईकडे निघाल्यात. परवा एक पंधरा घोड्यांची डोंबिवलीला सोडली." मागच्या बाकावरच्या बाईंनी चादर वर सरकवून दिली, तिला वारा लागतोय म्हणून. हरेश्वरला वाटलं, वाटेत तिच्याशी काही बोलावं. माणगाव आलं, पेण गेलं. सुरुवात कशी करायची ते त्याला सुचलं नाही, आणि सगळी गाडी ऐकत होती.

जावयाने आणि त्याने मिळून तिला दोन जिने चढवलं. गॅलरीत द्वारकाने जागा करून ठेवली होती. खाली फळी, फळीवर जुनं सतरंजीचं घडी केलेलं कापड, वर कापडी पडदा. तिने पदर खोचला, ओलं फडकं घेतलं आणि चादर काढल्या काढल्या मोटरीला पुसायला घेतलं.

"काय गं, बारीक झालीस की काय," ती म्हणाली. "रंग उडालाय बघ इथे. प्रवास कसा झाला? खिडकी मिळाली ना? हे असेच, बोलले नसतील वाटेत काही. हे बघ, इथून पाण्याची टाकी दिसते. संध्याकाळी तिच्यावर पोपट बसतात. तुला आवडतील."

सहा वर्षांची नात येऊन मोटरीसमोर मांडी घालून बसली आणि तिला शाळेतल्या एका मुलीची हकीकत सांगू लागली. ती मुलगी रोज डब्यात भेंडी आणते आणि रोज रडते. आतून प्रणाली कुणाशी तरी फोनवर बोलत होती. शेजारच्या गॅलरीतून एका बाईंनी विचारलं, "आली का हो तुमची?" जावयाने टीव्ही लावला. हरेश्वर खुर्चीत बसून हे ऐकत होता. मोटरीचं चुकलं असं त्याला आता म्हणता येईना.

जेवायला तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी होती. त्याला आवडते तशी, कोकम जास्त घातलेली. द्वारकाने दोनदा वाढली.

"गुडघे?" तिने विचारलं.

"आहेत तसेच. तुझे?"

"जिन्याने दुखतात."

साडेपाच वाजता तो चपला घालायला उठला. द्वारका दारापर्यंत आली. तिच्या हातात अजून फडकं होतं.

"चार दिवस राहा म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण कागदात नाही ना तसं."

"नाही. कागदात नाही," हरेश्वर म्हणाला.

"मग काय करणार."

"दर पंधरा दिवसांनी दोरी ओढ. हळू. चार वेळा."

"माहिती आहे मला," द्वारका म्हणाली.

भाटकोळला परत आल्यावर हरेश्वरने पडवी झाडली. मोटर उभी राहायची तिथे तेलाचा गोल डाग होता. तो त्याने घासला नाही. पाऊस लागला, खाडी लाल झाली, धक्क्याकडे जाणारी वाट शेवाळली. घरात इतकी शांतता होती की दुपारी आतल्या खोलीत नळाचा थेंब पडला तरी तो वळून बघायचा. एकदा त्याने मुद्दाम मोठ्याने म्हणून बघितलं, "आज उकडा तांदूळ करतो." आवाज आढ्यापर्यंत जाऊन तिथेच राहिला. पुन्हा त्याने तसं केलं नाही.

जूनच्या मध्याला गमरे मॅडम पुन्हा आल्या. रेनकोटमधून पाणी निथळत होतं. त्यांच्याबरोबर माडवेळचा रिझवान परकार होता, आणि मागे टेम्पोत ताडपत्रीखाली काहीतरी मोठं उभं होतं. रिझवानची पर्यटकांची बोट होती. लाल-पिवळी, छतावर चार भोंगे. ती खाडीच्या तोंडापर्यंत पर्यटकांना फिरवून आणायची तेव्हा गाणी दोन्ही गावांत ऐकू यायची.

"पालशेतकर, तुमच्याकडे निवाऱ्याची एक जागा रिकामी आहे," गमरे मॅडम म्हणाल्या. "रिझवानभाईंच्या मोटरीने तुमचं घर मागितलं आहे. चाळीस घोड्यांची आहे. जबानी वाचते." त्यांनी चष्मा पुसला. "'मला हरेश्वर पालशेतकर यांच्या घरी राहायचे आहे. तेथे कोणी बोलत नाही असे समजते.' एवढंच बोलली. उरलेली सत्तावीस मिनिटं ती गप्प बसली."

"कुठून समजलं तिला?" हरेश्वरने विचारलं.

"ते जबानीत विचारायचं नसतं."

रिझवान पायरीवर बसला होता. तिशी ओलांडलेला, अंगाने भरलेला माणूस, पण त्या क्षणी तो कुणीतरी घराबाहेर काढल्यासारखा दिसत होता. "चाचा, मी तिच्यासाठी काय नाही केलं," तो म्हणाला. "घरात एसी खोली दिली असती. टीव्ही दिला असता. सकाळ-संध्याकाळ गाणी लावतो मी, तिला आवडतात म्हणून. पाच वर्षं. तेल घालायच्या आधी तिला विचारलं, तुला काय कमी पडलं ते सांग. तर बोललीच नाही."

"माझी बोलली," हरेश्वर म्हणाला. "सगळं सांगून गेली."

"मग ते तरी बरं."

"नाही," हरेश्वर म्हणाला. "तसं पण बरं नाही."

रिझवानने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हरेश्वरने चहा केला. तो पिताना तिघंही गप्प होते, कारण मोटर आता पडवीत आणून ठेवली होती आणि तिला ऐकू येत होतं. गमरे मॅडमनी हमीपत्र पुढे केलं. घरात मोठ्याने बोलणार नाही, भांडी आपटणार नाही, रेडिओ लावणार नाही, पाहुण्याला एकटं सोडून रात्रीच्या मुक्कामाला बाहेर जाणार नाही. हरेश्वरने वाचलं. यातलं बहुतेक सगळं तो आधीपासूनच पाळत होता. त्याने सही केली.

"तिला भेटायला येऊ का मी?" रिझवानने कुजबुजत विचारलं.

गमरे मॅडमनी कागद पाहिला. "तसा रकाना नाही."

चाळीस घोड्यांची मोटर उंच, काळी आणि चकचकीत होती. हरेश्वरने तिला नवा गोणपाट पांघरला. पहिले काही दिवस त्याला तिच्या समोरून जाताना संकोच वाटायचा. आपण कुणाला तरी हवे आहोत, ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागला. मग तो हळूहळू तिच्या तब्येतीला जपू लागला. नळाच्या तोटीला सुतळी बांधून तिचं टोक बादलीत सोडलं, म्हणजे थेंब आवाज न करता सुतळीवरून उतरेल. दाराच्या बिजागरीत खोबरेल सोडलं. खोकला आला की तो मागच्या दाराने विहिरीपर्यंत जाऊन खोकून यायचा. पंधरा दिवसांनी दोरी ओढायचा ती इतकी सावकाश, की आतलं चाक फिरतंय हे हातालाच कळायचं, कानाला नाही. असं सांभाळून राहिलेलं घर आणि पूर्वीचं रिकामं घर बाहेरून सारखंच दिसलं असतं. हरेश्वरला फरक कळत होता. आता तो कुणासाठी तरी गप्प होता.

रविवारचा फोन तो अंगणाच्या टोकाला, गडग्याच्या दगडी भिंतीपाशी, छत्री घेऊन घ्यायचा. द्वारका आता पुष्कळ बोलायची. मोटरीला पोपट आवडलेले दिसतात. शेजारच्या बाई दुपारी तिच्यापाशी भाजी निवडायला येऊन बसतात. नातीने तिला वाचून दाखवायला पुस्तक आणलंय. हरेश्वर हूं हूं करत ऐकायचा आणि पाऊस छत्रीवर वाजत राहायचा.

आषाढातल्या एका रविवारी द्वारका नेहमीसारखं बोललीच नाही. ती म्हणाली, "ऐका. प्रणालीने खाडी कार्यालयात फोन केला होता. रकाना अकरा दुरुस्त करता येतो म्हणे. ज्याच्या घरी निवारा आहे त्याने अर्ज करायचा."

"कोण करणार?"

"मी केला," द्वारका म्हणाली. "बुधवारी मंजूर झाला. नारळी पौर्णिमेपर्यंत राहता येईल तुम्हाला. तीन आठवडे आहेत." ती थांबली. "या."

हरेश्वरने छत्री दुसऱ्या हातात घेतली. पाणी बाहीत शिरलं.

"ऐकू येतंय का?" द्वारकाने विचारलं.

"येतंय."

"मग?"

"घरात पाहुणी आहे," हरेश्वर म्हणाला. "माडवेळच्या रिझवानची. चाळीस घोड्यांची. तिला एकटं सोडायचं नाही, असं लिहून दिलंय मी."

"कधीपासून?"

"जूनपासून."

"आणि मला बोलला नाहीत."

"विषय निघाला नाही."

पलीकडे नातीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी काहीतरी रंगवून सांगत होती. गडग्यावरून पाणी वाहत होतं.

"दुसऱ्या कुणाकडे नाही ठेवता येणार तिला?"

"तिने माझंच घर मागितलं, द्वारका."

"असं," द्वारका म्हणाली. तिने श्वास घेतला तो फोनमध्ये ऐकू आला. "कशी आहे?"

"चांगली आहे. त्रास काही नाही तिचा."

"मग सांभाळा तिला नीट. कुणी मागून घेतलेलं घर असतं, तिथून उठून जाऊ नये."

"हो."

"पुढच्या वर्षी बघू."

"बघू."

"बरं, ठेवते," ती म्हणाली, पण लगेच ठेवला नाही. मग ठेवला.

हरेश्वर गडग्यापाशी उभा राहिला. खाडीत भरती लागली होती आणि धक्क्याची खालची पायरी दिसेनाशी झाली होती. मग तो घराकडे वळला. छत्री त्याने बाहेरच मिटून उलटी टांगली. पाय पुसले, दार लोटलं आणि पडवीत मोटरीपासून हातभर अंतरावर पाटावर बसला. द्वारकाने बोलावलं, हे कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटत होतं. शर्टाची उजवी बाही खांद्यापर्यंत भिजली होती. ती पिळायला त्याने हात नेला, आणि तिथेच थांबवला. पाणी जमिनीवर पडलं असतं तर आवाज झाला असता. त्याने हात परत मांडीवर ठेवला. बाही अंगावरच वाळली. वाळायला दुपार झाली.